झाकली मूठ

राहुरीसारख्या तालुक्याच्या गांवीं रात्रीं दहानंतर वर्दळ मंदावते. नगर-मनमाड रस्त्यावरून जाणाऱ्या मालमोटारींचा आवाज तेवढा ऐकूं येत राहतो. अशा वेळीं एखाद्या आळींत शेजारच्या घरांतून भांडें आपटल्याचा आवाज येतो, एक पुरुषी स्वर चढतो, एक मूल रडूं लागतें आणि एकाएकीं गप्प होतें. ऐकणारीं माणसें एकमेकांकडे पाहतात. कोणी उठून खिडकी लावून घेतें. कोणी रेडिओचा आवाज थोडा वाढवितें. दुसऱ्या दिवशीं सकाळीं त्या घरची गृहिणी दारांत भेटते. तिच्या मनगटावर काळानिळा वण असतो. “काय झालें हो, वहिनी?” “कांहीं नाहीं काकू, न्हाणीघरांत पाय घसरला.” पाय घसरलेला नाहीं, हें काकूंना ठाऊक असतें, काकूंना तें ठाऊक आहे, हें वहिनींनाही ठाऊक असतें. तरी दोघी आपापल्या घरांत शिरतात आणि दारें लागतात.

“झाकली मूठ सव्वा लाखाची” ही म्हण अशा प्रसंगीं मराठी माणसाच्या ओठांवर तत्काळ येते. घरची गोष्ट घरांतच राहावी, चार लोकांत अब्रू जाऊं नये, हा त्या म्हणीचा नित्याचा अर्थ. पैशाच्या अडचणीला ती शोभते. परंतु मुठींत पैसा नसून मूठ हेंच जेव्हां शस्त्र असतें, तेव्हां ती झाकण्यांत कोणाची अब्रू राखली जाते? मारणाऱ्याची राखली जाते. मार खाणारीचा प्राण मात्र उघडा पडतो. घरगुती छळ ओळखावा कसा आणि तो दिसल्यावर घरच्यांनीं व शेजाऱ्यांनीं वागावें कसें, हा प्रश्न म्हणून प्रत्येक सुशिक्षित कुटुंबानें एकदां तरी नीट विचारांत घेतला पाहिजे.

आरंभीं भांडण आणि छळ यांतील भेद स्पष्ट केला पाहिजे. भांड्याला भांडें लागावयाचेंच, असें वडील माणसें म्हणतात, आणि तें खरें आहे. दोन माणसें एकत्र राहिलीं कीं मतभेद होतात, शब्दाला शब्द वाढतो, एखादा दिवस अबोल्यांतही जातो. परंतु भांडणांत दोघांनाही बोलतां येतें. दोघांनाही चुकतां येतें आणि रुसतांही येतें. छळांत एकच बोलतो आणि दुसरें माणूस त्याच्या पावलांचा आवाज ओळखावयास शिकतें. दुचाकी दारांत थांबली कीं घरांतील हंसणें थांबतें, मुलें पुस्तकें उघडून बसतात, जेवणाचें ताट क्षणाचाही उशीर न होतां मांडलें जातें. ही शिस्त नव्हे, हें भय आहे. घरांत भय कोणाला वाटतें आणि कोणाचें वाटतें, एवढें पाहिलें कीं भांडण कोठें संपतें व छळ कोठें सुरू होतो, तें कळतें.

छळ म्हटला कीं मारहाण डोळ्यांपुढें येते. परंतु मारहाण हा त्याचा एकच प्रकार आहे, आणि पुष्कळ घरांत त्याची गरजही पडत नाहीं. सुनेनें माहेरीं कधीं फोन करावा, तो किती वेळ चालावा, हें दुसऱ्यानें ठरविणें. शिक्षिकेचा पगार तिच्या खात्यांत जमा होतो, परंतु बँकेचें कार्ड नवऱ्याच्या खिशांत असणें. उसाच्या शेतांत तिनें दिवसभर राबावें आणि पैसा हातीं आल्यावर डोकेदुखीच्या गोळीसाठीं दहा रुपये मागून घ्यावे. तिच्या रंगावरून, माहेरच्या गरिबीवरून, मुलीच झाल्या म्हणून रोज चारचौघांत टोचून बोलणें. मनाविरुद्ध शरीराला स्पर्श करणें. “तुझ्यांत अक्कल नाहीं” हें वाक्य इतक्या वेळां उच्चारणें कीं अखेरीस तिला तें खरें वाटूं लागावें — हा सर्व छळच होय. यांत एकच गोष्ट समान आहे. एका माणसाची मोकळीक थोडी थोडी काढून घेतली जाते, आणि ती काढून घेणाऱ्याला घरांत कोणी जाब विचारीत नाहीं.

“त्यांचा स्वभावच रागीट आहे, मनानें वाईट नाहींत,” असें समर्थन अशा घरांत नेहमीं ऐकूं येतें. या रागाची थोडी परीक्षा केली पाहिजे. हाच गृहस्थ तहसील कचेरींत तीन तास तिष्ठतो. वरिष्ठ अधिकारी अपमान करतो, तेव्हां “होय साहेब” म्हणून मान तुकवितो. पतपेढींतील व्यवस्थापकाशीं मृदु स्वरांत बोलतो. तेथें राग कोठें जातो? तो आवरतां येतो, म्हणूनच तो आवरला जातो. घरीं आल्यावर तो सोडला जातो, कारण तेथें सोडण्यांत धोका नाहीं. जो राग माणूस निवडतो, वेळ निवडतो आणि अंगावर कपड्याखालीं झांकेल अशी जागाही निवडतो, त्याला अनावर राग म्हणणें हें शब्दाशीं खोटें बोलणें आहे. दारूचेंही असेंच. दारूनें हात सैल होतो हें खरें. परंतु तो हात नेमका कोणावर उठावा, हें दारू सांगत नाहीं. न पितां मारणारेही पुष्कळ आहेत आणि पिऊन गुपचूप झोंपणारेही आहेत.

या छळाची आणखी एक रीत आहे. माराच्या दुसऱ्या दिवशीं पश्चात्ताप येतो. डोळ्यांत पाणी येतें, नवें पातळ येतें, “पुन्हां असें होणार नाहीं” अशी शपथ होते. कांहीं दिवस घर खरोखरच सुखाचें वाटतें. मग लहानसहान कुरबुर सुरू होते, वातावरण तापत जातें आणि तीच रात्र पुन्हां उगवते. बाहेरच्या माणसाला या फेऱ्यांतील गोड दिवसच दिसतात. आंतल्या माणसाला त्या गोड दिवसांचीच आशा बांधून ठेवते. म्हणून अश्रूंवरून पश्चात्ताप ओळखूं नये. तो कशावरून ओळखावा, याचें उत्तर याच राहुरीशीं संबंध असलेल्या एका संसाराच्या कथेंत सांपडतें.

कवि नारायण वामन टिळक आणि त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाई यांचा संसार कांहीं काळ राहुरीस होता. लक्ष्मीबाईंचें ‘स्मृतिचित्रें’ हें आत्मचरित्र १९३४ पासून चार भागांत प्रसिद्ध झालें, आणि मराठी वाचकांनीं तें त्यांतील विनोदासाठीं डोक्यावर घेतलें. परंतु त्या विनोदाच्या खालीं घराघरांतील जुलुमाचा एक विलक्षण प्रामाणिक जबाब आहे. लक्ष्मीबाईंचा जन्म १८६८ चा, नाशिकजवळच्या जलालपूरचा. त्यांच्या वडिलांना सोंवळ्याचें वेड लागलेलें होतें. बाजारांतून आलेलें मीठ आणि साखरदेखील धुऊन घरांत घ्यावयाची, असा त्या घरचा दंडक होता. मीठ धुतल्यावर काय उरतें, हें सांगण्याची गरज नाहीं. वाचक हंसतो, परंतु त्या घरांतील बायकामुलांचें सारें आयुष्य एका माणसाच्या नियमाभोंवतीं फिरत होतें, हें त्या हंसण्यांतून सुटूं नये. त्यांत हात उगारण्याची आवश्यकता नव्हती. एका माणसाचें मन आजारी होतें आणि त्याला थांबविण्याचा अधिकार घरांत कोणालाच नव्हता.

सासरची कथा निराळी, पण तिचें मूळ तेंच. नारायणरावांचे वडील कठोर स्वभावाचे होते. आई मृदु होती, काव्याची आवड असलेली होती. आई वारली तेव्हां नारायण लहान मुलगा होता, आणि तिच्या पश्चात् त्यानें वडिलांचें घर सोडलें. लक्ष्मीबाई १८८० मध्यें लग्न होऊन या घराण्यांत आल्या, त्या वेळीं त्यांचें वय अकरा-बारा वर्षांचें होतें. टिळक बुद्धिमान, उदार, दुसऱ्यासाठीं अंगावरचा कपडा काढून देणारे. आणि त्याच वेळीं तापट, लहरी, पत्नीला न विचारतां घर, गांव व नोकरी सोडून देणारे. त्यांच्या रागाचा आणि त्यानंतरच्या पश्चात्तापाचा अनुभव लक्ष्मीबाईंनीं लपविला नाहीं. ज्या मुलानें बापाच्या कठोरपणामुळें घर सोडलें, त्याच्याच स्वभावांत तो राग उतरावा, हें दुःखद आहे. नवलाचें मात्र नाहीं. घरांत पाहिलेलें वागणें मुलांबरोबर वाढतें. परंतु तें अटळ प्रारब्धही नव्हे, आणि याच संसाराची पुढची हकीकत तें दाखविते.

१८९५ मध्यें टिळकांनीं मुंबईस ख्रिस्ती धर्म स्वीकारला. पत्नीला विश्वासांत न घेतां घेतलेल्या त्या निर्णयानें लक्ष्मीबाईंवर आभाळ कोसळलें. लहान मुलाला घेऊन त्या सुमारें चार-पांच वर्षें पतीपासून दूर, नातलगांच्या आधारानें राहिल्या. हा आधार नसता तर त्यांचें काय झालें असतें, याची कल्पनाच केलेली बरी. पुढें त्या पतीकडे आल्या, त्या आपला आचार न सोडतां. त्यांचा स्वयंपाक वेगळा, पाणी वेगळें. हें सर्व नगरसारख्या ठिकाणीं, मिशनच्या माणसांत, नवधर्मी पतीच्या घरीं! तापट म्हणून ज्यांची ख्याति, त्या टिळकांनीं ही वेगळी चूल चालूं दिली. बळजबरी केली नाहीं. पुढें १९०० मध्यें लक्ष्मीबाईंनीं धर्मांतर केलें, तें स्वतः विचार करून, स्वतःच्या वेळीं केलें.

या हकीकतींत धर्म कोणता, हा प्रश्न येथें गौण आहे. पाहण्यासारखी गोष्ट ही कीं, पूर्वीं न विचारतां सर्व ठरविणाऱ्या माणसानें पत्नीच्या मनाला स्वतःची जागा दिली. खरा पश्चात्ताप तो हा. तो अश्रूंत किंवा नव्या पातळांत नसतो. काढून घेतलेली मोकळीक परत देण्यांत असतो. छळणारा मनुष्य बदलला आहे काय, हें पाहावयाचें असेल तर त्याच्या शपथा मोजूं नयेत. तिच्या खात्याचें कार्ड तिच्या हातीं आलें काय, ती न विचारतां माहेरीं जाऊं शकते काय, ती “नाहीं” म्हणाली तर घर शांत राहतें काय, हें पाहावें.

या उदाहरणाचा कोणी विपरीत अर्थ मात्र करूं नये. “लक्ष्मीबाईंनीं सोसलें, तूंही सोस, एक दिवस नवरा सुधारेल,” असा उपदेश त्यांच्या नांवावर खपविणें हा अन्याय होईल. टिळक बदलले, कारण त्यांनीं स्वतः बदलावयाचें ठरविलें. आणि लक्ष्मीबाई दूर राहूं शकल्या, कारण त्यांना थारा देणारीं माणसें होतीं. प्रत्येक घरांत टिळक नसतात. पुष्कळ घरांत सोसण्याचा अर्थ मरण असा होतो. शिवाय लक्ष्मीबाईंचें मोठेपण सोसण्यांत नसून सांगण्यांत आहे. आपल्या जवळच्या माणसांचे दोष त्यांनीं सूड न घेतां आणि न झांकतां सर्वांपुढें मांडले. कुटुंबाची अब्रू त्यानें गेली नाहीं. उलट टिळकांवर महाराष्ट्रानें जें प्रेम केलें, त्यांतील मोठा वांटा त्या पुस्तकाचा आहे.

सांगणें मात्र आजही कठीण आहे. २०१९ ते २०२१ या काळांतील राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणींत, महाराष्ट्रांतील १८ ते ४९ वयाच्या विवाहित स्त्रियांपैकीं सुमारें शेंकडा २५ स्त्रियांनीं पतीकडून केव्हां ना केव्हां हिंसा सोसल्याचें सांगितलें. सर्व देशाचा विचार करतां, शारीरिक किंवा लैंगिक हिंसा सोसलेल्या स्त्रियांपैकीं ज्यांनीं कोणाकडे तरी मदत मागितली त्यांचें प्रमाण शेंकडा १४ एवढेंच भरलें. म्हणजे दाराआड जितका आक्रोश आहे, त्याचा लहानसा अंशच बाहेर येतो.

“इतका त्रास आहे तर ती निघून कां जात नाहीं?” हा प्रश्न सुशिक्षित माणसेंही सहज विचारतात. परंतु जावें कोठें? माहेरच्या उंबऱ्यावर “दिल्या घरीं सुखी राहा” हें वाक्य उभें असतें. धाकट्या बहिणीचें लग्न व्हावयाचें असतें. जमिनीचा सात-बारा सासऱ्याच्या नांवें, घर दिराच्या नांवें, पैसा नवऱ्याच्या हातीं. मुलें बरोबर न्यावीं तर शाळा सुटते. ठेवावीं तर त्यांचे हाल. आणि सर्वांत भयंकर गोष्ट ही कीं, ती निघाली किंवा निघणार असें कळलें, कीं त्याच वेळीं धोका सर्वांत अधिक असतो; कारण आपला ताबा सुटतो आहे, हें छळणाऱ्याला सहन होत नाहीं. म्हणून तिचें घरांत थांबणें म्हणजे दुबळेपणा असें समजूं नये. पुष्कळदां तें मुलांचा व स्वतःचा जीव वांचविण्याचें रोजचें गणित असतें.

मुलांविषयीं वेगळें बोललें पाहिजे. “मुलांवर त्यानें कधीं हात उगारला नाहीं” असें कौतुकानें सांगितलें जातें. परंतु भिंतीपलीकडचा आवाज ऐकणारें मूलही मार खात असतें. शाळेंत असें मूल ओळखूं येतें. गुरुजींनीं फळा पुसण्यासाठीं हात वर केला तरी तें मान आंत ओढतें. घंटा झाली तरी दप्तर आवरण्यास वेळ लावतें. किंवा आपल्याहून लहान मुलाला विनाकारण मारतें. अशा मुलाला “आळशी” वा “दांडगा” म्हणण्यापूर्वीं शिक्षकानें त्याला एकीकडे घेऊन दोन शब्द विचारावे. जें मूल आज घरीं मुठीचा अधिकार पाहतें, तें उद्यां ती मूठ वापरावयास किंवा सोसावयास शिकेल. मध्यें कोणी तरी भलें माणूस भेटलें, तर तें तिसरेंही कांहीं शिकूं शकतें.

छळणारा नेहमीं नवराच असतो असेंही नाहीं. सून सांसवेला छळते, सासू सुनेला छळते. शिकलेला मुलगा म्हाताऱ्या बापाचा अंगठा कागदावर घेऊन त्याला ओसरीवर टाकतो. भाऊ बहिणीला कोंडतो. क्वचित् नवराही बायकोच्या हातून सोसतो आणि लाजेनें बोलत नाहीं. कसोटी सर्वत्र एकच. जो अवलंबून आहे, त्याच्या अवलंबनाचा फायदा घेतला जात आहे काय?

कायद्याची वाट आजच्याइतकी कधींच मोकळी नव्हती, हें यांतील समाधान. १८८७ मध्यें मुंबईच्या न्यायालयानें रखमाबाईंना आज्ञा केली कीं, बालपणीं लग्न झालेल्या नवऱ्याकडे नांदावयास जा, नाहीं तर सहा महिने तुरुंग भोग. रखमाबाईंनीं तुरुंग पत्करण्याची तयारी दाखविली. १८८८ मध्यें तें प्रकरण आपसांत मिटलें आणि पुढें त्या डॉक्टर झाल्या. त्या वेळीं कायदा स्त्रीला नको असलेल्या घरांत ढकलीत होता. १९८३ मध्यें विवाहितेचा क्रूरपणें छळ करणें हा फौजदारी गुन्हा ठरला. १ जुलै २०२४ पासून लागू असलेल्या भारतीय न्याय संहितेंत त्याची तरतूद कलम ८५ मध्यें आहे. २००५ चा कौटुंबिक हिंसाचारापासून संरक्षणाचा कायदा २६ ऑक्टोबर २००६ पासून अंमलांत आला, आणि त्यानें मोठी सुधारणा केली. मारहाण, लैंगिक जबरदस्ती, शिवीगाळ व मानसिक छळ, आणि पैशाची कोंडी या चारही गोष्टींना त्यानें हिंसा म्हटलें. पत्नीच नव्हे, तर आई, बहीण, मुलगी, लग्नावांचून एकत्र राहणारी स्त्री यांनाही त्याचें संरक्षण आहे. घर कोणाच्याही नांवें असो, त्यांत राहण्याचा तिचा हक्क त्यानें मान्य केला. संरक्षण अधिकाऱ्याकडे किंवा थेट न्यायदंडाधिकाऱ्याकडे अर्ज करतां येतो. छळ थांबविण्याचा हुकूम, निर्वाह खर्च, मुलांचा ताबा व नुकसानभरपाई मागतां येते. साठ दिवसांत निकाल लावण्याचा प्रयत्न व्हावा, असें कायदा म्हणतो. प्रत्यक्षांत अधिक वेळ जातो, हेंही जाणून असावें. वकिलाची फी नसली तरी स्त्रियांना विधि सेवा प्राधिकरणामार्फत मोफत वकील मिळूं शकतो. वृद्ध आईबापांसाठीं २००७ चा स्वतंत्र कायदा आहे. संकटाच्या घटकेला ११२, स्त्रियांसाठीं १८१ आणि मुलांसाठीं १०९८ हे दूरध्वनि क्रमांक घरांतील प्रत्येकास पाठ असावे.

परंतु कायदा कचेरींत असतो, आणि छळ चालतो स्वयंपाकघरांत. या दोहोंमधलें अंतर माणसांनीं भरून काढावें लागतें. १९८२ मध्यें पुण्यांत विवाहित तरुणींच्या मृत्यूंनीं लोक हादरले. त्यांतून नारी समता मंच ही संस्था उभी राहिली आणि ‘मी एक मंजुश्री’ या नांवाचें प्रदर्शन भरविण्यांत आलें. तें पाहावयास आलेल्या स्त्रिया चित्रें पाहून निघून गेल्या नाहींत. त्या थांबल्या आणि आपापल्या घरची हकीकत सांगूं लागल्या. त्यांना बोलण्यास जागा हवी होती. म्हणून संस्थेनें जें केंद्र सुरू केलें, त्याचें नांवच ‘बोलते व्हा’ असें ठेवण्यांत आलें. १९८४ मध्यें टाटा समाजविज्ञान संस्थेनें मुंबईच्या पोलीस आयुक्तालयांत स्त्रिया व मुलांसाठीं विशेष कक्ष उघडला. तेथें पोलिसांच्या शेजारींच समाजकार्य शिकलेलीं माणसें बसूं लागलीं. अहिल्यानगरमध्येंही १९८९ मध्यें स्थापन झालेल्या स्नेहालय या संस्थेनें पीडित स्त्रियांना व मुलांना आधार देण्याचें काम उभें केलें. या सर्व कामांचा पाया एकच आहे: ऐकून घेणारा कान मिळाला कीं बोलणारी जीभ सुटते.

मग शेजाऱ्यानें, शिक्षकानें, माहेरच्या माणसानें काय करावें? पहिली गोष्ट, तिला एकटीला गांठून विचारावें. नवऱ्यादेखत “सारें ठीक आहे ना?” असें विचारणें हें न विचारण्याहून वाईट, उत्तराची शिक्षा तिला रात्रीं भोगावी लागते. दुसरी गोष्ट, ती सांगेल तें ऐकावें. “तूं काय बोललीस म्हणून तो चिडला?” हा प्रश्न करूं नये, त्या प्रश्नांत निकाल देऊन टाकलेला असतो. “तुझी चूक नाहीं; तूं सांगितलेंस हें बरें केलेंस,” एवढीं दोन वाक्यें पुरतात. तिसरी गोष्ट, उपदेशाऐवजीं सोय द्यावी. आधार पत्रिका, मुलांचे जन्मदाखले, बँकेचें पुस्तक, थोडे पैसे, घराची दुसरी किल्ली यांची एक पिशवी विश्वासाच्या घरीं ठेवण्यास जागा द्यावी. “रात्रीं किती वाजतांही ये, दार उघडेन” असें सांगावें, आणि सांगितलें तर उघडावें. जखम झाली असेल तर सरकारी दवाखान्यांत नेऊन तिची नोंद करवून घ्यावी. चौथी गोष्ट, निर्णय तिचा तिला घेऊं द्यावा. ज्या स्त्रीच्या आयुष्याचे सर्व निर्णय दुसऱ्यानें घेतले, तिला सोडविण्याच्या भरांत आणखी एका दुसऱ्यानें निर्णय घेऊन देऊं नये. ती एकदां परत गेली म्हणून रागावून पाठ फिरवूं नये. अनेकजणींना निघण्यापूर्वीं अनेकदां परतावें लागतें. मूल संकटांत असेल किंवा जिवावर बेतलें असेल, तर मात्र वाट न पाहतां पोलिसांना कळवावें.

भावकीच्या व पंचांच्या बैठकीविषयींही सावध असावें. दोघांना समोरासमोर बसवून “तूंही थोडें घे, तूंही थोडें सोड” असा निवाडा करण्याची आपली जुनी रीत आहे. बांधाच्या तंट्यांत ती चालते, कारण तेथें दोन्ही बाजू उभ्या राहूं शकतात. छळाच्या प्रकरणांत एक बाजू उभीच राहूं शकत नाहीं. तिचें मौन म्हणजे संमति असें धरून सभा उठते. माहेरच्या माणसांनीं तर मुलगी पाठविण्यापूर्वींच तिला एक वाक्य सांगून ठेवावें: “हें घरही तुझें आहे.” महाराष्ट्रानें १९९४ मध्यें आणि सर्व देशानें २००५ मध्यें वडिलार्जित हिंदु एकत्र कुटुंबाच्या मिळकतींत मुलीला मुलाच्या बरोबरीचा वांटा मान्य केला. बहिणीकडून हक्कसोडपत्रावर सही घेणाऱ्या भावांनीं, आपण तिच्या परतीची वाट बुजवीत आहोंत काय, हें एकदां मनाला विचारावें.

ज्याचा हात उठतो, त्यालाही एक शब्द सांगण्यासारखा आहे. आपल्या घरांत आपली वाट पाहिली जाते कीं आपली भीति बाळगली जाते, याचा शोध त्यानें एका संध्याकाळीं दारांतच थांबून घ्यावा. आपलें पाऊल वाजतांच आंतील बोलणें थांबत असेल, तर तें बंद होणें म्हणजे मान नव्हे. वडिलांनीं असेंच केलें, हें कारण सांगूं नये. टिळकांनाही तसेच वडील लाभले होते. मानसोपचारतज्ज्ञाची वा समुपदेशकाची मदत घेण्यांत कमीपणा नाहीं. पण ती घेतांना “तीच मला चिडविते” हें वाक्य दाराबाहेर ठेवावें लागतें.

अखेरीस पुन्हां त्या रात्रीकडे वळावें. २००८ मध्यें भारतांत ‘बेल बजाओ’ या नांवाची एक मोहीम झाली. तिचा संदेश लहान मुलालाही समजेल असा होता: शेजारच्या घरांतून मारहाणीचा आवाज आला तर जाऊन दाराची घंटा वाजवा, दूध मागा, वेळ विचारा, कांहींही विचारा. आळींतील कोणत्याही काकूंना हें करतां येईल. हातांत वाटी घ्यावी, शेजारच्या एकदोघांना बरोबर घ्यावें आणि दार ठोठावावें. “थोडी साखर हवी होती, वहिनी.” त्या एका टकटकीनें मारणाऱ्याला कळतें कीं भिंतीपलीकडे माणसें जागीं आहेत, आणि तिला कळतें कीं आपण एकटे नाहीं. दुसऱ्या दिवशीं सकाळीं वाटी परत करतांना, ती एकटी असतांना, हळूच विचारावें, “वहिनी, रात्रीं काय झालें?” आणि उत्तर येईपर्यंत दारांत थांबावें.